उशीतली टरफलं डोंगरापार

मित्रांनो, मी ओढा आहे. वयाने म्हातारा, पण रग अजून तीच! स्लोव्हेनियाच्या चुनखडीच्या डोंगरात मी वाहतो. वरच्या गावाबाहेर जमिनीला एक भगदाड आहे, त्यात मी धाडकन उडी घेतो. पुढचं कुणाला दिसत नाही. म्हणून हिवाळ्यात डुकरं कापली की लोक आतडी, घाण, सगळं माझ्यात लोटून देत. गडप झालं, संपलं! मला असा राग यायचा! अहो, मी डोंगराच्या पोटातून वाट काढतो आणि पलीकडच्या खालच्या गावात झरा होऊन वर येतो.

त्या गावात वरच्या गावची नेझा नांदत होती. एका हिवाळ्यात तिच्या तान्ह्या लेकीला जुलाब लागले, पोर पार सुकली. नेझा तरातरा माहेरी आली.

"आई, तुमची घाण आमच्या झऱ्याला येते गं!"

"सासरी गेलीस नि माहेरालाच नावं ठेवतेस?" तिची आई पोलोना कडाडली. "पाणी काय डोंगर पोखरून येतंय?"

"येत असेल तर दाखव, नाहीतर गप बस," गावचा मुखिया गाश्पेर हसला.

"दाखवतेच! आई, तुझी उशी आण."

तिथल्या उशांत कुट्टू धान्याची काळी टरफलं भरतात, आणि खालच्या गावात कुट्टू पिकतच नाही. पोलोनाने रागारागाने उशी फाडून माझ्यात ओतली. मग सगळेजण डोंगर उतरून झऱ्यापाशी जाऊन बसले.

आता माझी पाळी होती. अरुंद फटींत अंग चोरलं, भुयारातली तळी ओलांडली, पण टरफलं काही सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच झऱ्याच्या तोंडातून उसळलो, तो काळाकुट्ट!

"आली! आली!" नेझा नाचायलाच लागली.

पोलोनाने एक टरफल उचललं आणि नेझाच्या हातावर ठेवलं. "अगं, माझ्याच नातीला मी ही घाण पाजली!"

गाश्पेरने टोपी काढली. "चला, घाण पुरायला खड्डा खणू. पहिलं फावडं माझं."

तेव्हापासून माझ्यात काही पडलं नाही. पाणी उकळून पाजलं, तशी पोर सावरली. आता ती झऱ्यात पाय आपटते, ओंजळीने पिते, आणि मी खदाखदा हसत वाहतो. मित्रांनो, काही फेकण्याआधी एवढंच विचारा, पलीकडे कुणाचं पोर तहानलंय?