रिकामे चौकोन

वर्गात तिच्याखेरीज सगळी विशीतली पोरं होती. त्यांची बोटं कीबोर्डवर चिमण्यांनी दाणे टिपावेत तशी चालायची आणि हिचं एकच बोट अक्षर शोधत फिरायचं, अंधारात उंबरा चाचपावा तसं.

फरशीच्या कारखान्याच्या कचेरीत ती हजेरी मांडायची. अर्थशास्त्राला लागणारं सुरुवातीचं संख्याशास्त्र संगणकावर शिकवणारा हा वर्ग साहेबांनीच तिला लावून दिला होता. आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी, फी कारखान्याची. "आकडे नुसते लिहून ठेवू नका बाई, बोलते करा," साहेब म्हणाले होते. ती चटकन हो म्हणाली, पण तिच्या मनात निराळंच होतं. तिचा नवरा निवडणीत बसायचा.

निवडणी म्हणजे चाकावर दम गमावलेल्यांची जागा. चाकावर फरशी घासताना पांढरी धूळ उडते. पाण्यानं ती बसत नाही, फडक्यानं अडत नाही, माणसाच्या छातीत मात्र घर करते. मग एक दिवस तो माणूस जिन्याच्या मधोमध थांबतो आणि कठड्याशी गप्पा मारत असल्यासारखा उभा राहतो. अशांना कारखाना निवडणीत धाडी. स्टुलावर बसायचं, समोर सरकत येणारी फरशी उचलून बघायची. टवका उडालेली डावीकडे, रंग फसलेली उजवीकडे, चांगली पुढे. पगार कमी, पण धूळ नाही. नवऱ्याला डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पुन्हा चाकावर उभे राहिलात तर वर्ष निघणार नाही.

आणि यंदा साहेब निवडणी बंद करायची भाषा बोलू लागले होते. "कारखाना आहे हा, अनाथाश्रम नव्हे," असं त्यांनी भर कचेरीत म्हटलं, तेव्हा ती समोरच बसली होती. तिनं खाली मान घालून हजेरी मांडली आणि मनाशी खूणगाठ बांधली. वर्ग संपताना प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागचे आकडे घेऊन काहीतरी करून दाखवायचं होतं. ती निवडणी घेणार होती. ही बसलेली माणसं फुकटचं खात नाहीत, हे ती आकड्यांच्या तोंडून वदवणार होती.

एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एक महिना, चौकोनात त्यानं त्या महिन्यात रोज सरासरी किती फरश्या निवडल्या तो आकडा. सगळं भरून झाल्यावर शिकवणारी मुलगी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पोरं तिला मॅडम म्हणत, पण ती स्वतःच पोरसवदा होती.

"ताई, इथं शून्य का टाकलंत?"

"ते आता येत नाहीत."

"आणि हे?"

"हेही येत नाहीत."

"मग शून्य नाही टाकायचं. शून्य म्हणजे माणूस आला, दिवसभर बसला आणि एकही फरशी उचलली नाही. जो आलाच नाही त्याचं आपल्याला काय माहीत? माहीत नाही ते रिकामं ठेवायचं. रिकाम्या चौकोनाला संगणक मोजतच नाही."

तिनं एकेक शून्य पुसायला घेतलं. प्रत्येक शून्यामागे तिला चेहरा दिसत होता. हा मिशीवाला. हा सतत सुपारीएवढी खडीसाखर गालात धरून बसणारा. हा तर नवऱ्याच्या शेजारच्या स्टुलावरचा. शेवटचं शून्य पुसलं आणि तिनं संगणकाला सरासरीची रेघ काढायला सांगितली. मघाशी पडवीच्या छपरासारखी खाली उतरलेली रेघ आता हळूच उचलली गेली आणि वर वर चढत गेली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाजूचा पोरगा म्हणाला, "मावशी, रॉकेट सोडलंत की."

घरी तिनं कागद नवऱ्यापुढे धरला.

"वर गेली म्हणजे काय झालं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे तुम्ही सगळे पहिल्यापेक्षा जास्त काम करताय."

"मी? अगं, माझे हात तर शिसं भरल्यासारखे झालेत." तो दोन वाक्यांमध्ये श्वास शोधत बोलायचा. "पाखरूचंही तेच. परवा त्याच्या हातून फरशीच निसटली. म्हणाला, फरशीला माझा कंटाळा आलाय."

पाखरू म्हणजे त्याचा चाकावरचा जुना जोडीदार, आता तोही निवडणीत. अंगानं किडकिडीत, म्हणून हे नाव.

"मग बाकीच्यांचं वाढलं असेल," ती म्हणाली.

"असेल बाई. तू शिकलेली." तो हसला, खोकला, आणि खोकता खोकताच पुन्हा हसला. त्या रात्री तिला लगेच झोप लागली.

सकाळी साहेबांनी कागद दोनदा पाहिला. चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"फार छान. म्हणजे माणसं बरी झाली की."

"साहेब?"

"हात एवढे चालायला लागलेत म्हणजे ताकद आली. इतकी वर्षं मी उगाच यांना बसवून ठेवलं. चाकावर माणसं कमी पडताहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना परत चाकावर घ्या."

"साहेब, तसं नाही... बसून करणं वेगळं."

"आकडे तुमचेच आहेत ना?"

"माझेच."

"मग झालं तर."

ती तशीच वर्गात गेली. तिनं शिकवणाऱ्या मुलीला सगळं सांगितलं. मुलीनं खुर्ची ओढली, बराच वेळ चौकोन पाहिले आणि म्हणाली, "सगळ्यांची मिळून एक रेघ नको. प्रत्येकाची वेगळी काढू."

पडद्यावर एकेक रेघ उमटत गेली. नवऱ्याची खाली. पाखरूची खाली. त्या पलीकडच्याची खाली. एकही वर नव्हती. कुठली रेघ अर्ध्यातच तुटली होती, कुठली शेवटपर्यंत येऊन टेकली होती, पण उतरत सगळ्याच होत्या. पाणी उताराकडे जावं तशा.

"मग सगळ्यांची मिळून वर कशी गेली?"

मुलगी सावकाश बोलू लागली. "जे मुळातच हळू होते ते आधी गेले. उरले ते पहिल्यापासून चपळ. तेही आता मंदावलेत, पण त्या हळू माणसांपेक्षा अजून पुढेच आहेत. हळू माणसं मोजणीतून गेली की सरासरी आपोआप चढते." ती थांबली. "रिकामं ठेवा म्हटलं ते चूक नव्हतं, ताई. पण ते रिकामं का आहे हे मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही कशाला? मला ठाऊक होतं की. मी प्रत्येकाच्या मयताला जाऊन आले होते."

मुलीनं तिच्या हातावर हात ठेवला. पलीकडे पोरं कुणाच्या तरी चुकलेल्या सूत्रावर हसत होती.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून बसला.

"हे नको दाखवूस."

"का?"

"आधीचा कागद दाखवलास, तर चाकावर धाडायला निघाले. हा दाखवलास तर म्हणतील, कामच घटलंय, निवडणी कशाला हवी? चाकावर निदान पगार तरी पुरा आहे."

"आणि तुम्ही?"

"मी काय... जितके दिवस तितके दिवस."

"अहो, भाजीचा भाव बोलताय का तुम्ही?"

तो म्हणाला, "माझ्या एकट्याचं नाही गं. तुझा पगार आहे, आपण कसंबसं रेटू. पाखरूच्या घरात कोण कमावतं?"

हे तिलाही सुचलं होतं. वाटेत, फाटकाशी, जिन्यावर, दार उघडताना. प्रत्येक वेळी तिनं तो विचार बाजूला सारला होता. आताही सारला. तिच्या कानाला नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, जुन्या बिजागरीसारखा, आणि त्याच्यापुढे तिला दुसरं काही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या रेघा साहेबांच्या टेबलावर मांडल्या. "माझी चूक झाली. ही माणसं बरी झालेली नाहीत साहेब, संपत चाललीत. एकेकाची रेघ बघा."

साहेबांनी बघितलं. माणूस वाईट नव्हता, निदान बघितलं तरी. बोट एका तुटलेल्या रेघेवर थांबलं.

"हा कोण?"

तिनं सांगितलं.

"याला ओळखायचो मी," साहेब म्हणाले, आणि कागदांची चळत सारखी केली. "ठीक. चाकावर कुणालाही सक्ती नाही. ज्याला जायचं त्यानं आपण होऊन सही करावी. पण हे बघितल्यावर निवडणी चालू ठेवा असं मी वर मालकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"नुसतं सांगून बघा साहेब."

"बाई, उत्तर मला ठाऊक आहे."

महिना सरला तशी स्टुलं एकावर एक रचून भिंतीशी लावली गेली. नवरा घरी बसला. दारात खुर्ची टाकून तो येणाऱ्याजाणाऱ्याला हात करी, पण थांबून बोलणारे थोडेच. पाखरूची बायको पाण्याला उभी असली की आता हिच्याकडे पाठ करी. एकदाच तोंड उघडलं तिनं. "आपल्या कुंकवाचं तेवढं बघितलंस." हिनं भरलेली कळशी उचलली आणि घरी आली.

वर्गात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिनं ते घरी सांगितलंच नाही.

मग एका सकाळी पाखरू कचेरीच्या खिडकीशी आला. चाकावरच्या माणसांची सही तिच्याच समोर व्हायची.

"भावजी, नका जाऊ," ती म्हणाली.

"वहिनी, मी बघितली ती चित्रं. माझी रेघ सगळ्यांत देखणी आलीय. घसरगुंडीच जणू." त्यानं पेन घेतलं. "तुम्ही खोटं काढलं असतं तरी मी तिथंच जाणार होतो आणि खरं काढलंत तरी तिथंच. मग खरंच बरं. त्याला सांगा, दारात बसून माझी वाट बघू नकोस, सुटल्यावर मीच येईन."

त्यानं सही केली, तोंडाला फडकं बांधलं, दोन पावलं टाकून भिंतीला हात लावून थांबला आणि मग आत गेला. थोड्या वेळानं चाकं सुरू झाली. ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती, पण सगळी चाकं एकाच आवाजात घरघरत होती आणि त्यातलं त्याचं कुठलं, हे तिला काही केल्या वेगळं काढता येईना.