प्रतिमाचा पासवर्ड

अवधूतने कारकून बसवंतच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी खसकन ओढून काढली. तिच्यावर पासवर्ड लिहिला होता, तोही लेकीचं नाव.

"कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची! धन्य आहे तुमची."

"सरी, बरं सर, बदलतो," म्हणत बसवंत ओशाळून हसला.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात सगळे कॉम्प्युटर अवधूतच्या ताब्यात होते, आणि आपण सोडून बाकी सगळे बिनडोक, अशी त्या पुणेकराची पक्की खात्री होती. संध्याकाळी घरी त्याने चिठ्ठीचा किस्सा बायकोला तिखटमीठ लावून ऐकवला.

"कुणाचं कुलदैवत, कुणाची स्कूटर! माणसं इतकी उथळ असतात ना, की अर्धा तास बोललं की पासवर्ड कळतो."

"मग कसा ठेवायचा?" प्रतिमाने विचारलं.

"जवळच्या माणसालाही ओळखता येणार नाही असा. पण तुम्हा चिकपेटवाल्यांना कशाला हवाय? साड्यांचे भाव कोण चोरतंय?"

प्रतिमाच्या माहेरचं बंगळूरच्या चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. तिची एम.एस्सी. त्याच्या कधी लक्षात राहिली नाही, तिच्या मराठीतलं कानडी मात्र लगेच खुपायचं. ती 'जरा'ऐवजी "स्वल्प थांबा" म्हणाली की हे महाशय पाहुण्यांदेखत तिला सुधारत. हल्ली ती फारसं बोलतच नसे. चला, सुधारली एकदाची, असं त्याला वाटे.

रविवारी ती माहेरी गेलेली असताना फोन वाजला. म्हैसूरच्या कुठल्याशा कॉलेजातून कुणीतरी इंग्रजीत विचारत होतं. प्राध्यापकाच्या जागेसाठी मॅडमची निवड झाली आहे, पुढच्या सोमवारी हजर होण्याबद्दल त्यांनी मेलवर दिलेलं उत्तर पक्कं समजायचं ना?

अवधूत रिसीव्हर हातात धरून उभाच राहिला. म्हैसूर? हिने अर्ज कधी केला? आणि आता उत्तर काय दिलंय? ही खरंच निघाली की काय?

उत्तर तिच्या मेलमध्ये असणार. तो कॉम्प्युटरपुढे बसला. हिचा पासवर्ड म्हणजे काय, चुटकीसरशी निघेल.

त्याने आधी स्वतःचं नाव घातलं. मेल उघडेना. लग्नाची तारीख घातली, मग तिचा वाढदिवस, तोही जरा आठवावा लागला. पुढे चिकपेट झालं, सासऱ्यांचं नाव झालं. मूर्ख बाई, तो पुटपुटला, आणि पुढचं काहीतरी घालायला त्याने बोटं उचलली. तिच्याबद्दलचं आणखी काही त्याला आठवेना.

"काय शोधताय?"

प्रतिमा दारात उभी होती. त्याने पटकन कीबोर्डवरून हात काढले, पण आवाज चढवलाच.

"म्हैसूरहून फोन होता. काय उत्तर दिलंस त्यांना?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. चिडली नाही, दचकलीही नाही.

"मेलमध्ये लिहिलंय."

"मग पासवर्ड सांग."

"मी कशाला सांगू? अर्धा तास बोललं की कळतो ना तुम्हाला?"

पर्स टेबलावर ठेवून तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"अर्धा तास आहे माझ्याकडे. बोला."

अवधूतने तोंड उघडलं. पण तिच्याशी काय बोलायचं, ते त्याला सुचेना.