रंगाऱ्याची घोडी

मी एक जुनी लाकडी घोडी आहे. मित्रांनो, दचकू नका. मला शेपूट नाही, आयाळ नाही आणि मी खिंकाळतही नाही. छताला रंग देताना रंगारी ज्या दुहेरी शिडीवर उभे राहतात, तिला ते घोडी म्हणतात. चार पाय, दोन्ही बाजूंना पायऱ्या, माथ्यावर बिजागऱ्या आणि पाय फार फाकू नयेत म्हणून मधे बांधलेली दोरी, एवढाच माझा पसारा.

मला एका अबोल सुताराने घडवले. पायरी बसवली की तो तिच्यावरून अंगठा फिरवी, आणि कुसळ लागले की पुन्हा रंधा मारी. मग एक तरुण रंगारी आला. भाव न विचारता तो थेट माझ्या माथ्यावर चढला आणि दोनदा जोरात हलला.

"कुरकुरत नाही," तो खूश होऊन म्हणाला. "घेतो. कुरकुरायला आमच्या धंद्यात ठेकेदार पुरेसे आहेत."

तेव्हापासून मी त्याची झाले.

काय सांगू मित्रांनो, माझा रंगारी मला चालवायचा! इतर लोक जागा बदलायला खाली उतरतात, शिडी उचलतात, पुन्हा चढतात. हा वर उभा राहूनच कमरेला हलका झोका देई आणि मी त्याला घेऊन टपटप करत दुसऱ्या कोपऱ्यात जाई. हातातल्या डब्यातला रंग हिंदकळतसुद्धा नसे. ज्यांच्या घरी काम असे, त्यांची मुले टाळ्या पिटत. त्याच्या पावलांचा भार मला तोंडपाठ झाला होता. डावे पाऊल जड, उजवे हलके.

त्याची बायको एका लॉन्ड्रीत अर्धा दिवस इस्त्रीला जाई. त्यांना एक मुलगी होती. आपल्या कपड्यांवर उडालेल्या रंगाच्या ठिपक्यांवरून रंगाऱ्याने तिचे नाव ठिपकी ठेवले होते. दिवेलागणीला आम्ही घरी आलो की ती माझ्या खालच्या पायरीवर बसून शाळेतल्या कागाळ्या सांगे. मग तिघे जेवायला बसत आणि मी दाराआड उभी राहून त्यांची भांडणे, हसणे, वाटीवर वाजणारा चमचा, सगळे ऐकत असे.

एका दुपारी हे सारे मोडले. एका मोठ्या उपाहारगृहाचे छत रंगवायचे होते. रंगारी वर होता, आणि त्याला न सांगताच कुणीतरी मागून साबणाच्या पाण्याने फरशी पुसून ठेवली होती. त्याने नेहमीसारखा झोका दिला आणि माझे पाय घसरले. मी ते रोवायची धडपड केली, पण गुळगुळीत फरशीपुढे लाकडाचे काय चालणार? माझा एक पाय तडकला. त्याची कंबर आणि टाच मोडली.

दवाखाना, शस्त्रक्रिया, औषधे. घरातली पुंजी बघता बघता संपली. ठिपकीच्या आईने पतपेढीचे कर्ज काढले, कानातले विकले, आणि तरी कमी पडले ते आपल्या थोरल्या भावाकडून उसने घेतले.

मला मात्र मागच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. एकदा शेजारची मावशी म्हणाली, "ती अवलक्षणी आधी जाळून टाक बाई."

"जाळली तर एक वेळचं पाणी तापेल मावशी," ठिपकीची आई म्हणाली. "उभी केली तर चूल रोज पेटेल."

तिने माझ्या तडकलेल्या पायाला पट्टी ठोकली, पायांच्या तळाशी जुन्या टायरचे तुकडे बसवले आणि ती स्वतः माझ्यावर चढली. लग्नानंतर अडीअडचणीला तिने नवऱ्याच्या हाताखाली काम केले होते. भिंतीच्या भेगांत लांबी भरणे आणि भिंत घासणे तिला येत होते. पण उंचीची तिला भीती वाटे. पहिल्या दिवशी तिने मला गुडघ्यांनी इतके घट्ट आवळले की तिच्या अंगाचा कंप माझ्या पायांपर्यंत पोचला. पहिली भिंत तिने दोनदा केली, कारण सगळीकडे ओघळ आले होते. ठेकेदाराने पैसे कापले. तिसऱ्या कामापासून मात्र तो मुकाट्याने पूर्ण पैसे देऊ लागला.

सकाळी इस्त्री, दुपारपासून रंग, आणि रविवारी तर दिवसभर रंग. हप्ते जात होते, पण बाई घरात असून नसल्यासारखी झाली. जेवता जेवताच तिचा डोळा लागे. एकदा ठिपकी माझ्या पायरीवर बसून पुटपुटली, "आईला हल्ली रंगाचा वास येतो. आईचा येतच नाही."

आणि माझा रंगारी? त्याची हाडे जुळली होती. थोडा लंगडत का होईना, तो घरभर हिंडू शके. तरी तो उंबऱ्याबाहेर पडत नसे. बायको मला बाहेर काढू लागली की तो आत जाई. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताई एकदा त्याला म्हणाल्या, "दादा, शरीराचं काम झालंय. मनात जे अडकलंय ते कुणाशी तरी बोला." त्याने मान डोलावली आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसला. मी बोळात उभी राहून त्याच्या पावलांची चाहूल घेत असे. जड, हलके. जड, हलके. ती माझ्याकडे कधीच वळत नसत.

मग ठेकेदाराने एका सभागृहाचे काम आणले. शाळेला सुट्टी लागली होती, आणि त्या सुट्टीत आई ठिपकीला नदीवर नेणार होती.

"एवढं काम केलं की मामाचे सगळे पैसे एकदम फिटतील गं," आई म्हणाली. "नदी कुठे पळून जातेय?"

काम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ठिपकीने जेवणाचा डबा भरला आणि बापापुढे जाऊन उभी राहिली. हे मला तिनेच पुढे सांगितले.

"बाबा, चला. आई घरी येत नाही, तर आपणच तिच्याकडे जाऊ."

"तू जा. माझी कंबर दुखतेय."

"मग हळू चला. पण मी एकटी जाणार नाही, आणि तुम्ही नाही आलात तर आई उपाशी राहील."

ते दोघे सभागृहाच्या दारात आले, तेव्हा ठिपकीची आई माझ्या माथ्यावर होती. कोपरा हाताला येत नव्हता, म्हणून तिने एक पाय हवेत सोडून अंग ताणले होते. मी डुलत होते. दारातली पावले मी ऐकली. जड, हलके. ती थबकली. मग भरभर जवळ आली आणि माझे पाय कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरले. मित्रांनो, ते हात मी कसे विसरेन?

"कोण आहे?" वरून तिने विचारले.

"मी आहे. तू रंग दे. खाली बघू नकोस."

तिने खाली पाहिले नाही. ब्रश भिंतीवर फिरत राहिला. रंगारी खालूनच बोलू लागला. त्याचे कपाळ माझ्या पायरीला टेकले होते.

"मला वाटायचं, तू वर चढतेस ती माझ्यामुळे. तुला कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? डोळे मिटले की अजून पडतोच मी. रोज पडतो."

"मग मला उठवायचं ना."

"तू इतकी दमलेली असतेस."

ब्रश थांबला. "मी दमून झोपते ते चालतं हो," ती म्हणाली. "पण घरी आल्यावर कुणी बोलतच नाही, ते नाही चालत मला."

ठिपकी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "डबा गार झाला." तेव्हा कुठे ते तिघे फरशीवर माझ्या सावलीत जेवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. मला धरी, रंग कालवी, आणि उभ्याने हात पोचेल तेवढी भिंत रंगवी. खालचा भाग त्याचा, वरचा तिचा. सुट्टी संपण्याआधी एका रविवारी काम बंद ठेवून ते नदीवर गेले. ठेकेदार कुरकुरला, त्याला कुरकुरू दिले. ठिपकीची आई भावाकडे जाऊन म्हणाली, "दादा, पैसे एकदम नाही जमणार. थोडे थोडे देईन, पण रविवार घरच्यांसाठी ठेवणार आहे."

"मी कधी तगादा लावला होता?" भाऊ म्हणाला.

"तुम्ही नाही लावला. माझा मीच लावून घेतला होता."

कर्ज फिटायला ठरल्यापेक्षा बराच जास्त काळ लागला. पण ते फिटले. रंगाऱ्याची झोपही हळूहळू सुधारली. दचकून जागा झाला, तर आता तो बायकोला हाक मारी.

माझ्यावर मात्र तो पुन्हा चढला नाही. एकदा रिकाम्या खोलीत आम्ही दोघेच होतो. त्याने खालच्या पायरीवर डावे पाऊल ठेवले. तोच जड भार! माझ्या साऱ्या पायऱ्या जणू श्वास रोखून वाट पाहू लागल्या. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने पाऊल खाली घेतले, खिशातल्या फडक्याने ती पायरी पुसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून तो निघून गेला.

आता त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची हलकी शिडी आली आहे. माझ्यावर कपडे वाळत घालतात. कुणाची तक्रार नाही, माझीही नाही. पण मागच्या दारी पावले वाजली की मी अजून कान देते.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी उंचावर चढून काम करत असेल, तर खाली जाऊन त्याची शिडी धरा. आणि पडल्यापासून कुणाला चढायची भीती वाटत असेल, तर त्याला 'चढ, चढ' म्हणून टोचू नका. त्याच्याजवळ थांबा. तो बोलेल तेव्हा ऐका. नाही बोलला, तरी थांबा.

मी थांबले आहे.