ठकीच्या पहिल्या घासाचा चमचा

मित्रांनो, मी एक म्हातारा चमचा आहे. दांडा वाकलेला, अंगभर ओरखडे आणि कडेला निळा रंग वाळून बसलेला. आज मला पाहून कुणाला खरे वाटणार नाही, पण एका बाळाच्या आयुष्यातला पहिला घास माझ्यातून गेला आहे.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यावर यंत्राचा दणका बसला आणि आम्ही भावंडे टपाटप टोपलीत पडलो. बाकीचे चांगले खोलगट निघाले. मी मात्र उथळ, अरुंद आणि लांब दांड्याचा. "हा तर औषधालाही पुरायचा नाही!" असे म्हणत कारागीर बाई हसली. पण माझी कड तिने पुन्हा पुन्हा घासून लोण्यासारखी मऊ केली. मी लहान तोंडासाठी आहे, हे मला तिच्या हातांनीच सांगितले.

दुकानात एके दिवशी एक आई आली. तिने मला उचलले आणि माझी कड स्वतःच्या ओठावरून हळूच फिरवली.

"बाई, चमचा चाखून घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहतोय," दुकानदार म्हणाला.

"चाखत नाही हो, टोचतो का बघतेय. हिच्या हिरड्या अजून कोवळ्या आहेत."

तिच्या कडेवरच्या मुलीने तेवढ्यात माझा दांडा पकडला आणि काही केल्या सोडीना. झाले! माझी निवड झाली. त्या मुलीला घरात सगळे ठकी म्हणत. नाव ठकीचे, पण पुढे फसवले गेले ते तिलाच.

घर छोटे होते. ठकीचे बाबा रंगारी, लोकांच्या भिंती रंगवायचे. आई एका मोठ्या लाँड्रीत दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायची. बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा बाबांची थोरली बहीण, म्हणजे ठकीची आत्या, मदतीला राहायला आली. बाबा लहानपणीच पोरके झाले होते. त्यांना या बहिणीनेच वाढवले होते. त्यामुळे तिचा शब्द त्या घरात काळ्या दगडावरची रेघ होता.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आईला नीट समजावले होते. ठकी सहा महिन्यांची झाली होती, मान छान धरत होती, कुणी जेवायला बसले की टकामका बघत तोंड उघडत होती. "आता वरचं अन्न सुरू करा. पण आधी दूध, मग दोन घास. अन्न दुधाच्या जोडीला द्यायचं, दुधाच्या जागी नाही. साखर-मीठ काही नको," असे त्या म्हणाल्या होत्या.

तो पहिला घास मी कसा विसरेन? आईने गाजर उकडले, गाळणीवर घासले आणि त्यात स्वतःचे थोडे दूध मिसळून ते सैल केले. ठकीला आधी पोटभर पाजले आणि मग मला तिच्या ओठांशी नेले. ठकीने डोळे मिटले, नाक मुरडले, जिभेने सगळे बाहेर ढकलले आणि वर गाजराचा हात कपाळाला पुसला.

"शोभते हो रंगाऱ्याची पोर!" बाबा म्हणाले. "भिंत सोडून सगळीकडे रंग!"

"असू दे. आज चव कळली, पुरे," आई म्हणाली.

चार दिवसांत ठकी मला पाहून पुढे झुकू लागली. दूध आणि मी असे आमचे छान जुळले. ते थोरले भावंड, मी धाकटे. मी आनंदात होतो.

मग आईची रजा संपली. लाँड्रीत वाफेच्या उकाड्यात उभे राहून ती काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या कोठीत बसून ठकीसाठी दूध काढायची. एखादी मैत्रीण दाराशी पहारा द्यायची. ते दूध बर्फाच्या पिशवीतून घरी यायचे आणि दुसऱ्या दिवसासाठी फ्रीजमध्ये ठेवले जायचे. रोज निघताना आई आत्याला म्हणायची, "ताई, आधी बाटली हं. मग चमचा."

"अगं, मला शिकवतेस? तुझ्या नवऱ्याला वाढवलंय मी," आत्या हसून म्हणायची.

सुरुवातीला आत्याने सगळे नीट केले. पण ठकी बाटलीला कुरकुर करायची. दोन घोट प्यायची, मान फिरवायची, पुन्हा प्यायची. आत्याला एवढा धीर कुठला? एके दुपारी तिने बिस्किटे पाण्यात भिजवली, वर साखर घातली आणि तो चिकट लगदा माझ्यात शिगोशीग भरला. गोड लागल्यावर ठकी मटामटा खात सुटली आणि तुडुंब पोटाने झोपून गेली.

शेजारीण डोकावली. "काय शहाणी पोर हो! किती पटकन खाल्लं!"

"माझ्या हाताला चव आहे ना," आत्या म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की तसा मी कधी पाहिला नव्हता. तिला स्वतःचे मूल नव्हते.

त्या दिवसापासून रोज तेच सुरू झाले. आणि आई यायच्या वेळी आत्या बाटली उघडून ते दूध मोरीत ओतून द्यायची. मित्रांनो, मी तिथेच खरकट्यात पडलेला असायचो. ते दूध माझ्या अंगावरून वाहत जायचे. आईने चादरींच्या आडोशाला बसून काढलेले दूध! मी ज्याच्या जोडीला आलो होतो, त्याचीच जागा मला घ्यायला लावली होती.

संध्याकाळी आई विचारायची, "ताई, दूध संपवलं का?"

"एक थेंब ठेवला नाही बघ!"

ठकीचे पोट कडक झाले. शी होताना ती रडून लाल व्हायची. पोट भरलेले असल्यामुळे आईने छातीशी घेतले तरी तोंड फिरवायची. पाजणे कमी झाले, तसे आईचे दूधही कमी होत गेले. दवाखान्यात वजन वाढलेले दिसेना. "दूध पितेय ना?" नर्सबाईंनी विचारले, तेव्हा आईने विश्वासाने सांगितले, "सगळं पिते. ताई स्वतः पाजतात."

घरी आल्यावर आत्या हळूच म्हणाली, "तुझंच दूध पातळ आहे गं. काही बायकांना नाही जमत. वाईट नको वाटून घेऊस."

आई भिंतीकडे तोंड करून रडली. बाबा म्हणाले, "ताईला अनुभव आहे, ऐक तिचं." मी ताटलीत पडून होतो. मला तोंड नव्हते, ठकीला शब्द नव्हते. आणि जिला दोन्ही होते, ती खोटे बोलत होती.

एके दिवशी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला आणि बायकांना लवकर सोडले. आई घरात शिरली, तेव्हा आत्याच्या हातात बाटली उलटी होती.

"ताई, काय करताय?"

आत्या दचकली. "नासलं होतं गं. वास येत होता."

आईने बाटली घेतली, वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला. "चांगलं आहे हे." मग तिने मोरीत पाहिले. तिथे मी होतो, दुधाने माखलेला, काठाला बिस्किटाचा लगदा चिकटलेला. "कधीपासून चाललंय हे?"

"अगं, पोरीलाच चमच्याची चटक लागली. हा मेला चमचा दिसला की बाटली ढकलून देते. मी तरी काय करू?"

माझ्यावर ढकलून ती मोकळी झाली. आई मात्र चमच्याशी भांडली नाही. "मला सांगितलं असतंत, ताई, की पीत नाही म्हणून," ती म्हणाली. "मी काहीतरी केलं असतं. तुम्ही मला म्हणालात की माझंच दूध पातळ."



रात्री बाबा म्हणाले, "तिच्या मनात वाईट नव्हतं. तिनं मला वाढवलंय..."

"तुम्हाला वाढवलं म्हणून हिच्या तोंडचं दूध ओतायचा हक्क मिळाला का? आणि तुम्ही मला तिचं ऐकायला सांगत होतात!"

सकाळी आत्या पिशवी भरून गेली. तिला थांबवायला कुणीच उठले नाही.

मला वाटले, आता मी पुन्हा गाजर भरवीन. आईने मला घासले, पुसले, हातात धरले. आणि बाबांकडे सरकवत म्हणाली, "हा मला डोळ्यांसमोर नको."

माझा काय दोष होता, मित्रांनो? जिने मला ओठाला लावून निवडले, तिनेच मला घराबाहेर काढले. बाबांनी मला रंगाच्या पेटीत टाकले. डब्यांची झाकणे उचकटता उचकटता माझा दांडा वाकला आणि ती लोण्यासारखी कड खडबडीत झाली.

आईचे दूध पुन्हा वाढले. पूर्वीइतके नाही, पण पुरेसे. आता ठकी दिवसा शेजारणीकडे राहते. आधी दूध, मग नव्या चमच्याने दोन घास. वजनही धरले आहे. दारामागच्या उघड्या पेटीतून मला हे सगळे दिसते, ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ असेल तर त्याला भरवायची घाई करू नका. दूध पीत नसेल तर तसे सांगा, खात नसेल तर तसे सांगा. बाळाने आज खाल्ले नाही तर उद्या खाईल. आईला खोटे सांगितले तर काय होते, ते मात्र मी पाहिले आहे.

काल संध्याकाळी शेजारीण ठकीला घेऊन आली. "सगळं प्यायली हो आज!" ती कौतुकाने म्हणाली. "हो का?" म्हणत आईने हसून ठकीला कडेवर घेतले. शेजारीण जिना उतरून गेली. मग आईने दार लावले, ठकीचे तोंड नाकाशी आणले आणि दुधाचा वास येतो का, ते पाहिले.

वास येत होता. तरी आईने पुन्हा एकदा पाहिले.