उद्याची ओळ

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता मिनिटरावाने फळ्यावर चुकीची वेळ लिहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि जाणूनबुजून.

फळा समुद्राच्या कडेला, दगडी वाटेच्या तोंडाशी होता. ही वाट किनाऱ्यापासून दीपगृहाच्या खडकापर्यंत जाते. चालत पंधरा मिनिटं. ओहोटीला ती उघडी पडते आणि भरतीला बुडते. खडकाला कपारींमुळे होडी लागत नाही, त्यामुळे वाट बुडाली की पलीकडचा माणूस पुढच्या ओहोटीपर्यंत पलीकडेच. वाटेच्या मध्यावर अकरा पावलांचा एक खोलगट तुकडा आहे, तो सगळ्यांत आधी पाण्याखाली जातो. फोनवर ओहोटीची वेळ मिळते, या अकरा पावलांची मिळत नाही. म्हणून नगरपालिकेने फळा ठेवला होता आणि फळ्यासाठी एक माणूस. तो रोज छापील पुस्तिकेत त्या दिवसाची ओळ काढायचा, वाट बुडण्याची वेळ काढून तिच्यातून सावधगिरीची वीस मिनिटं वजा करायचा आणि 'वाट उघडी' या शब्दांपुढे दोन आकडे लिहायचा. 'बारा पन्नास म्हणजे बारा पन्नास, एक्कावन्न नाही,' असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. गावाने त्याचं नाव मिनिटराव ठेवलं ते त्यामुळे.

मंगळवारचा बरोबर आकडा होता ८.५० ते १२.५०. त्याने लिहिलं ९.४० ते १.४०. ही बुधवारची ओळ होती.

कारण त्याची लेक येणार होती. ती शहरातल्या एका सहल कंपनीत कामाला होती. कंपनीच्या बसने कुठल्या गावी किती थांबायचं, हे ठरवण्यासाठी ती गावोगाव जाऊन एक फॉर्म भरायची. फॉर्मच्या शेवटी दोन चौकोन असायचे: 'अर्धा दिवस' आणि 'मुक्काम'. मुक्काम ठरला तर दर पंधरवड्याला बस येणार आणि बसबरोबर ती येणार. अर्धा दिवस ठरला तर बस जेवणापुरती थांबणार आणि तिच्याबरोबर कोणीतरी दुसराच असणार. हे तिनेच फोनवर सांगितलं होतं. ती साडेनऊच्या बसने येऊन सव्वादोनच्या बसने परत जाणार होती. घरी ती शेवटची झोपली त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेही त्या दिवशी ताप चढला होता म्हणून.

मिनिटरावाचा बेत साधा होता. फळ्यावर भरवसा ठेवून लेक त्याच्याबरोबर खडकावर जाणार, एक वाजून दहा मिनिटांनी वाट बुडणार. ती पुन्हा उघडणार रात्री सव्वानऊला. तोवर बस गेलेली असणार. दुपार आणि संध्याकाळ दीपगृहात जाईल, रात्र घरी. तिथून दिसणारी संध्याकाळ एकदा पाहिली की तिचा हात आपोआप 'मुक्काम'च्या चौकोनाकडे जाईल, अशी त्याची समजूत होती. सोमवारी त्याने दीपगृहाच्या खालच्या खोलीत स्टोव्ह, पाव, साखर, चहाची पूड, दोन कप आणि दोन पांघरुणं नेऊन ठेवली. कोणी विचारलंच तर चष्म्यामुळे खालची ओळ वाचली म्हणायचं. दुसरं कोणी अडकेल का, याचाही त्याने विचार केला होता. हंगाम संपला होता. गेल्या छत्तीस मंगळवारांची नोंद त्याच्याकडे होती, आणि हंगाम नसताना मंगळवारी एकही माणूस आला नव्हता.

बस स्टँडसमोर त्याच्या थोरल्या बहिणीचं चहाचं दुकान होतं आणि वर भाड्याच्या तीन खोल्या. लेक उतरली ती थेट तिथे गेली. मिनिटराव आधीच तिथे बसला होता.

"आलीस? बस," आत्या म्हणाली. "किती वेळासाठी?"

"सव्वादोनला निघते गं आत्या."

"मग अर्धा कपच टाकते."

लेक हसली. तिने पिशवीतून फॉर्म काढला. आत्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"काय काय विचारतात यात?"

"बघण्यासारखी ठिकाणं. स्वच्छतागृहं. बस वळवायला जागा."

"माणसं कशी आहेत, ते नाही विचारत?"

"नाही."

"बरं आहे. नाहीतर हा नापास झाला असता." आत्याने भावाकडे बोट केलं. "आणि माझ्या खोल्यांपुढे 'उत्तम' लिही. गादी बदललीय."

"एकीचीच बदललीस ना ताई?" मिनिटराव म्हणाला.

"तिला तीच दाखव मग."

दहा वाजता बापलेक निघाले. आधी मासळीचा लिलाव. तो जवळजवळ आटोपला होता, उरलेल्या दोन टोपल्यांवर तीन बायका आणि एक हॉटेलवाला भांडत होते. लेकीने लिहिलं: वीस मिनिटं. मग जाळी दुरुस्तीची शेड: दहा मिनिटं. मग बर्फाचा कारखाना. तिथल्या मुकादमाने तिला बर्फाची लादी यंत्रातून सुटताना दाखवली, मग हौसेने आणखी एक सोडून दाखवली: पंधरा मिनिटं. जुन्या जकात कचेरीतलं संग्रहालय दोन खोल्यांचं होतं आणि एका खोलीची किल्ली सापडत नव्हती. प्रत्येक ठिकाणी मिनिटराव काही ना काही काढून थांबत होता. नांगराचं वजन सांगितलं, दोरांच्या गाठींची नावं सांगितली, कारखान्याचं भोंग्याचं वेळापत्रक तर दोनदा सांगितलं.

"गुडघा दुखतोय का बाबा?"

"नाही. का?"

"इतके हळू का चालताय मग?"

"गाव जरा मोठं दिसावं म्हणून."

ती पुन्हा हसली आणि तिने त्याच्या हातातली छत्री स्वतःकडे घेतली. किनाऱ्यावरून ते त्याच चालीने आले. बारा वाजायला पाच कमी असताना ते फळ्यापाशी पोचले.

लेक फळ्यासमोर उभी राहिली. बेरीज-वजाबाकी ती शाळेत जाण्याआधी याच फळ्यावर शिकली होती. रोज पन्नास मिनिटं पुढे सरकणारे आकडे तिने बापाच्या खांद्यावर बसून खडूने लिहिले होते. सकाळी बसमध्ये सवयीने तिने फोनवर ओहोटीची वेळ पाहिलीही होती.

"बाबा, आज मंगळवार आहे."

"हो."

"ही उद्याची ओळ आहे."

त्याच्याकडे वाक्य तयार होतं. "चष्म्याचं बघायला हवं," तो म्हणाला. पण ते म्हणताना त्याने चष्मा काढून हातात घेतला, आणि लेकीने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो फळ्याकडे पाहत होता. तिची नजर वाटेवरून खडकापर्यंत गेली आणि तिथे अडकली.

"तिकडे कोण आहे?"

दीपगृहाच्या पायरीवर एक बाई बसली होती. शेजारी उघडी लाल छत्री होती.

मिनिटराव वाटेवर उतरला आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावेल तसा धावत सुटला. लेकीने हाताने दोन्ही आकडे पुसले, त्यांच्या जागी 'बंद' लिहिलं आणि ती त्याच्या मागे निघाली.

पलीकडे पोचले तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. बाई आत गेली होती. साठी उलटलेली, अंगाने भरलेली. खालच्या खोलीत पांघरुणावर मांडी घालून तिने स्टोव्ह पेटवला होता.

"या, या. चहा होतोच आहे," ती म्हणाली. "सोय मात्र छान ठेवलीय हो नगरपालिकेने. साखरसुद्धा आहे. आणि कप तर अगदी घरच्यासारखे."

कप घरचेच होते. त्यातल्या निळ्या काठाच्या कपातून लेक लहानपणी दूध प्यायची. तिने तो उचलला, पाहिला आणि खाली ठेवला.

"तुमच्याबरोबर कोणी आहे?" मिनिटरावाने विचारलं.

"हे वर गेलेत. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत म्हणे. शिंपी माणूस, सगळं मोजल्याशिवाय चैन पडत नाही. कमरेने अधू आहेत, पण ऐकतील तर शपथ."

शिंप्याला खाली आणायला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर तो थांबला.

"एवढी घाई कशाला? फळ्यावर एक चाळीस लिहिलंय," तो म्हणाला.

"फळा चुकीचा आहे. मी लिहिला तो," मिनिटराव म्हणाला.

"मी सांगत होते यांना," शिंप्याची बायको खालून म्हणाली. "फळ्यांचं काही खरं नसतं. आमच्या दुकानाच्या फळ्यावर तीस वर्षं 'दोन दिवसांत कपडे तयार' लिहिलेलं होतं."

बारा सेहेचाळीसला चौघं वाटेवर उतरले. मिनिटरावाने शिंप्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता, लेकीने त्याच्या बायकोचा. शिंपी दर वीस पावलांना थांबत होता आणि थांबलं की दोन्ही बाजूंनी पाणी किती आलंय ते दिसत होतं. खोलगट तुकड्यापाशी पोचेपर्यंत एक वाजून चौदा मिनिटं झाली. अकरा पावलांवर पाणी घोट्याच्या वर होतं आणि ओढत होतं. मिनिटरावाने शिंप्याला पाठीवर घेतलं. सातव्या पावलाला बायकोची एक चप्पल पायातून सुटली आणि तरंगत गेली. लेक तिच्यासाठी वाकली, तेव्हा बाप ओरडला, "सोड ती," आणि तिने सोडली.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ते किनाऱ्यावर आले. नवराबायको एका चपलेवर वाद घालत आत्याच्या दुकानाकडे गेले. बापलेक फळ्याच्या कट्ट्यावर ओल्या पायांनी बसले. मागे वळून पाहिलं तर मधला तुकडा दिसत नव्हता.

"दोन कप," लेक म्हणाली.

त्याने विजारीचं टोक पिळलं.

"रात्री तिथेच राहणार होतो का आपण?"

"नाही, सव्वानऊपर्यंतच. नंतर घरी. तुझी खोली झाडून ठेवलीय."

"राहा म्हणायचं होतं की नुसतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. पण चार वर्षांत विचारलंत कधी?"

"नाही म्हणताना तुला जड गेलं असतं," मिनिटराव म्हणाला. "फोनवर सुद्धा 'बघते' म्हणतेस, तेव्हा तुझा आवाज बदलतो. मला कळतं."

तिने छत्रीच्या टोकाने वाळूत दोन चौकोन काढले आणि पायाने पुसले. "त्यांच्या जागी लहान मुलं असती तर?" ती म्हणाली.

"तेच डोक्यात आहे मघापासून. आज मी लिहून देतो नगरपालिकेच्या कचेरीत. चूक झाली असं नाही, केली असं."

"काढून टाकतील बाबा."

"टाकू देत."

दोन वाजता ते बस स्टँडवर आले. आत्याला तोवर शिंपिणीकडून सगळं कळलं होतं. तिने भावाकडे पाहिलंही नाही, लेकीपुढे पोळीभाजीची पुडी ठेवली आणि म्हणाली, "गाडीत खा." लेकीने दुकानाच्या टेबलावर फॉर्म पसरला. शेवटचे दोन चौकोन सोडून सगळं भरलेलं होतं.

"हे तुम्ही सांगा," ती म्हणाली. "या गावाची तुमच्याइतकी माहिती कोणाला नाही. बाहेरून आलेल्या माणसाने इथे रात्री राहावं का? तुम्ही सांगाल ते लिहिते."

मिनिटरावाने फॉर्म वाचला. लिलाव वीस, शेड दहा, कारखाना पंधरा. तिने लिहिलेले आकडे बरोबर होते. दीपगृहापुढे जागा कोरी होती. आत्या कढईवरचा हात थांबवून त्याच्याकडे पाहत होती. तिच्या तीन खोल्या त्याच्या एका शब्दावर होत्या. सकाळपासून तो तिच्याकडून जे लिहून घ्यायला टपला होता ते आता ती स्वतःच त्याच्याकडे मागत होती, आणि दुपारी घोट्याशी ओढणारं पाणी त्याच्या विजारीतून अजून ठिबकत होतं.

"वाट उघडी असेल तर दीपगृह धरून साडेचार तास," तो म्हणाला. "नसेल तर अडीच. मुक्काम करण्यासारखं इथे काही नाही."

"अरे गाढवा," आत्या म्हणाली.

लेकीने 'अर्धा दिवस'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला. पिशवीचा बंद नीट बसत नव्हता, तो तिने दोनदा बसवला.

"किती गावं आहेत तुझ्या यादीत?" मिनिटरावाने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"चौदा होती. पंधरावं मी घातलं."

"कुठलं?"

ती बसकडे पाहत होती. "हे. साहेब म्हणाले, तिकडे काय आहे? मी म्हटलं, बघून तरी येते."

चालकाने इंजिन चालू केलं. मिनिटराव तिच्याबरोबर दारापर्यंत गेला.

"मला वाटलं होतं, तुम्ही मुक्काम म्हणाल," लेक म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात तर मी लिहिलं असतं."

"खोडता येईल?"

"पेनाने लिहिलंय बाबा."

ती चढली आणि किनाऱ्याच्या बाजूची खिडकी सोडून स्टँडच्या बाजूच्या खिडकीशी बसली. मिनिटराव खाली उभा होता.

"राहतेस का आजची रात्र?" त्याने विचारलं.

काच बंद होती. तिने ती सरकवायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यावर अडकली. "उद्या सकाळी दहाला पुढचं गाव आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "नाही जमणार."

"बरं," तो म्हणाला. "पण विचारलं मी."

"हो. विचारलंत."

बस दोन एकवीसला सुटली. वळण घेऊन ती दिसेनाशी झाल्यावर मिनिटराव दुकानात परत आला. त्याने बहिणीकडे एक कोरा कागद आणि पेन मागितलं, आणि कचेरी बंद व्हायच्या आत द्यायचा म्हणून चूक कबूल करणारा अर्ज लिहायला बसला.