न पेटण्याची नोकरी

मी बल्ब बोलतोय. तारेचा, जुन्या पद्धतीचा, शंभर वॉटचा. आमच्यातले बोलायला फारसे कुणी उरलेले नाहीत, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

कारखान्यात काच फुंकून माझं पोट झालं, आत बारीक तार बसली आणि जगाला उजेड द्यायला मी खोक्यात तयार होऊन बसलो. बसलो तो बसलोच. एलईडी आले आणि आम्ही वरच्या फळीवर गेलो. दुकानदारानं मला मालकांच्या हातात दिलं ते ब्याद टळल्यासारखं.

मालकांचाही कारखाना नुकताच बंद पडला होता. घरी व्हिडिओ बघून ते पॉवर सप्लाय दुरुस्त करायला शिकत होते. म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारी पेटी. मला त्यांनी एका फळीवर होल्डरमध्ये बसवलं. दुरुस्त केलेली पेटी थेट विजेला न जोडता माझ्यामार्फत जोडायची. आत शॉर्ट असेल तर मी भगभगून पेटायचो आणि पुढचा भडका टळायचा. पेटी बरी असेल तर मी एकदा चमकून विझायचो आणि मालक खूश व्हायचे. विझल्याबद्दल शाबासकी मिळणारा दुसरा दिवा मी तरी पाहिलेला नाही.

सुरुवातीला मात्र मी पेटायचोच. मालकांचं तोंड उतरायचं.

मालकिणीच्या धाकट्या भावाचं फर्निचरचं दुकान होतं. माणूस प्रेमळ, टोचायचाही प्रेमानंच. दाजींनी गोदामात नुसतं पंख्याखाली बसावं, येणारा-जाणारा माल बघावा, असा त्याचा आग्रह. मालकांना त्या गोदामाच्या विचारानंच गुदमरायला व्हायचं. शेवटी ठरलं: खालच्या मजल्यावरच्या टायपिंगवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरची पेटी सुरू झाली तर घरचं काम, नाहीतर सोमवारपासून गोदाम.

मालकांनी जीव ओतून जळके भाग बदलले आणि अंघोळीला गेले. नेमका जिन्यातला दिवा गेला होता. मालकिणीनं नवा एलईडी आणला होता, पण तो पांढरा उजेड नवऱ्याच्या डोळ्यांना बरा, असा प्रेमळ विचार करून तिनं तो फळीवर लावला आणि मला जिन्यात.

खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या उजेडात पायऱ्या चढत होते. आणि उघड्या दारातून मला मालक दिसत होते. एलईडीला ही नोकरी जमत नाही, त्याच्यातून पेटीला पुरेशी वीज जातच नाही. तो नुसता लुकलुकायचा, पेटी काही सुरू व्हायची नाही. फळीवरचा दिवा बदललाय हे पेटीच्या नादात मालकांच्या लक्षातच आलं नाही; धडधाकट पेटी आजारी समजून ते ती पुन्हा पुन्हा खोलत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला फक्त पेटता येतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला फोन करून येतो म्हणून सांगितलं, पेटी उचलली आणि बाईंना परत द्यायला निघाले. जिन्यात त्यांची नजर वर गेली.

"हा इथे कुणी लावला?"

"मी. का हो?" मालकिणीनं दारातून विचारलं.

मालक पायरीवरच बसले. बसल्या बसल्या त्यांनी मी फळीवर कशासाठी असतो ते समजावून सांगितलं.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" मालकीण म्हणाली. "तुम्ही नशिबाला बोल लावत होतात, आणि मी तुम्हाला चहा करून देत होते."

तिनंच मला फडक्यात धरून काढलं आणि फळीवर बसवलं. मालकांनी बटण दाबलं. मी चमकलो, विझलो, आणि पेटीतला पंखा भिरभिरायला लागला. मालकीण रडली, मग हसली, मग तिनं भावाला फोन लावला.

"तुझे दाजी उद्या यायचे नाहीत. त्यांना काम आहे."

आता कोपऱ्यात पेट्यांची रास असते. जिन्यात एलईडी तोरा मिरवतो. माझी तार झिजत चाललीय, म्हणून एक विनंती: तुमच्याकडे तारेचा बल्ब पडून असेल तर मालकांना आणून द्या. कारण माझी तार तुटेल त्या दिवशीही मी अंधारच दाखवीन, आणि तो बघून, पेटी बरी झाली असं समजून, मालकीण आनंदानं टाळ्या वाजवील.