सव्वा मूठ

चार महिने मी घरापुढच्या वट्ट्यावर बसून एका पोरीची राखण केली. वावरात पाखरं राखतात तशी. हातात डाळीचं सूप अन् डोळा कमलअक्काच्या दारावर. कोणी म्हणेल, पुष्पाबाईला दुसरा धंदा नव्हता. नव्हताच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा नवल सुरतेला साडीच्या मिलमध्ये, वावर दुसऱ्याला निम्म्यानं दिलेलं. घरात बोलायला एक मांजर, ती पण दुपारची शेजारी जाते.

पोर म्हणजे रूपा, शेजारच्या निंबाची बायको. कमलअक्का माझी चुलत जेठाणी, थोरली जाऊ, अन् निंबा तिचा एकुलता. पस्तिशी गाठली तरी त्याचं जमेना. आमच्याकडे पोरी आहेत कुठे? ज्या आहेत त्यांना शिरपूरला फ्लॅट पाहिजे, नोकरीवाला पाहिजे. चार एकर कापूसवाला कोणालाच नको. शेवटी चैत्रात एका मध्यस्थानं छत्तीसगडची पोर दाखवली. मध्यस्थाला पैसे मोजले, देवळात माळा घातल्या, गल्लीत बुंदी वाटली, झालं लग्न.

गावाच्या मनात मात्र ती बसली नाही. मागल्या साली चिंधानानाच्या जितेंद्रनं अशीच बाहेरची बायको केली होती. नवव्या दिवशी ती गेली. गळ्यातली पोत नेली, मोबाइल नेला, जाता जाता सासूचं नवं लुगडंसुद्धा नेलं. तेव्हापासून बाहेरची म्हटली की पळणारी, हे ठरूनच गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आम्ही ताकाला कुलूपच लावलं.

"पुष्पा, तू वट्टावरच ऱ्हास," कमलअक्का लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली. "मी वावरमा गऊ का जरा ध्यान ठेव. इकतनी पोर शे. कव्हय उडी जाई, भरोसा नही."

"ठेवसू ना अक्का," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कितीक दिवसांनी कोणाला माझा उपेग होता.

पोर बारीक, सावळी, मुकी मुकी. आमचा ठेचा जिभेला लागला की तिचे डोळे भरायचे. भातासाठी जीव टाकायची, तर अक्का विचारायची, "भात कसाले? आजारी शे का?" ती मोरीवर भांडी घासायला बसली की मी इकडून बोलत राहायची. ऊन किती तापलंय, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेचं कोणाशी भांडण झालं, सगळं. तिला कळो न कळो. ती मान हलवायची, मला तेवढंही पुरे व्हायचं.

एकदा तिनं राखेचा हात तसाच ठेवून मला हिंदीत विचारलं, "चाची, आप लोग मुझे इतना क्यों देखते हो?"

"नई है ना तू, इसलिए."

"हमारे गाँव में नई बहू को देखने एक दिन आते हैं. यहाँ तो रोज आते हैं."

मी हसण्यावारी नेलं. पण तिचं खरं होतं. दुकानात गेली तर दुकानदार पाहायचा, नळावर गेली तर बाया पाहायच्या, देवळात गेली तर पुजारीसुद्धा घंटा सोडून पाहायचा. आमचं गाव तिला पोलिस चौकीच वाटत असेल.

त्या दिवशी मला सुरत आठवली. नवलकडे मी एकदा महिनाभर राहून आले. चौथा माळा, एक खोली. नवरा-बायको दोघं कामाला गेले की मी जिन्यात बसायची, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दारं ओढून घ्यायच्या. एक दिवस कोणाची तरी दोरीवरची साडी गेली. पहिली पिशवी माझी पाहिली. "खानदेशी लोग ऐसेच होते," एक बाई माझ्या तोंडासमोर बोलली. साडी मागच्या गटारीपाशी सापडली, वाऱ्यानं उडालेली. मला कोणी चुकलं म्हटलं नाही. मी नवललाही सांगितलं नाही, त्याला तिथंच राहायचं होतं. हे सगळं मला त्या मोरीपाशी आठवलं, अन् तरी सूप खाली ठेवून घरात जावं एवढी अक्कल आली नाही. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं!

मग जेठातली ती दुपार आली. असं ऊन, की काळ्या रानाच्या भेगांत पाय जाईल. पाटलाच्या वावरात बोअर मारून बोअरची गाडी परत निघाली होती, स्टँडवरच्या कडुनिंबाखाली टेकली होती. रूपा हंडा घेऊन नळावर गेली ती येईना. मी कोपऱ्यापर्यंत गेले. पाहते तर हंडा खाली ठेवलेला, अन् ही त्या गाडीवरच्या दोन गड्यांशी बोलते आहे. बोलते काय, हसते आहे! तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. इतकं भरभर बोलताना तर कधीच पाहिलं नव्हतं.

ती त्यांच्याशी तिच्या बोलीत बोलत होती, तिच्याच मुलखाकडचे होते ते. हे मला मागून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, बाई, गाडी अन् परके गडी. मी तशीच पळत अक्काच्या दारात गेले.

"अक्का, पया! तुमनी सून चालनी गाडीवर!"

पाच मिनिटांत अर्धं गाव स्टँडवर. एका गड्याच्या कानाखाली बसली, दुसऱ्याची कॉलर फाटली. गाडी धूळ उडवत गेली. रूपा हात जोडून सांगत होती, "हमारे तरफ के हैं, बोली सुनी तो रुक गई, बस." ऐकतो कोण? अक्कानं तिला दंडाला धरून घरी आणलं, तिच्या चपला धान्याच्या कोठीत टाकल्या अन् वर कुलूप घातलं.

"आते कशी पयस ते देखसू!"

तेव्हापासून ती पोर अनवाणी. भर दुपारी नळावर जायची तर या सावलीतून त्या सावलीत उड्या मारत. मी वट्ट्यावरून पाहायची अन् मान खाली घालून डाळ निवडायची. माझ्याच तोंडानं केलेलं होतं ते.

निंबाचंही गावानं जिणं नकोसं केलं. पारावर बसला की कोणी ना कोणी म्हणायचं, "निंबाभाऊ, बजारमाईन दोर लई ये रे, गाय बांधाले नही, बायको बांधाले." तो हसायचा, पण कान लाल. आठ दिवसांत त्यानं पिशवी भरली अन् सुरत गाठली. म्हणे महिना-दीड महिना काम करतो, कानबाई देवीच्या सणाला तर येतोच.

कानबाईला कोण येत नाही? दिवाळी चुकवणारा खानदेशी माणूस श्रावणातल्या त्या रविवारी घरी येतो. सुरतेच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायचे, घरातल्या दर गड्यामागं सव्वा मूठ. आमच्या भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळाच्या घरांत, नव्या सुनेच्या नावानंही पहिल्या साली सव्वा मूठ धरतात, मग ती घरची झाली. रोट भाऊबंदकीनंच खायचे, परक्याच्या तोंडी कणसुद्धा जाऊ द्यायचा नाही, अन् पुनवेच्या आत संपवायचे. माझा नवल तीन सालं आला नाही. त्याच्या नावाचा रोट मी एकटी खाते, दुधात कुसकरून. घशाखाली उतरत नाही, पण टाकताही येत नाही.

शनिवारी आम्ही भाऊबंदकीच्या बाया कमलअक्काच्या ओसरीत जमलो. तिचं थोरलं घर, तिच्याच सुपात सगळ्यांदेखत मोजायची अन् आपापल्या घरी नेऊन दळायची रीत. मधोमध धुऊन वाळवलेल्या गव्हाची रास. रूपा आत चुलीपाशी उभी, उंबऱ्याच्या पलीकडे.

"औंदा तिनी मूठ नको धरू," सुनंदाबाई म्हणाली. ती भाऊबंदकीतली, पण तिची जीभ सगळ्या गावाची. "रोट खाईसन पयनी, तं कानबाई आपल्या बठ्ठास्नं वाटोळं करी."

"नहीच धरस," अक्का म्हणाली. "पह्यले टिकू दे."

हे उंबऱ्यापलीकडे ऐकू जात होतं. पोरीला काय कळतंय, अशा हिशोबानंच सगळ्या बोलत होत्या.

बाराची शिरपूरची एसटी आली. गल्लीभर हाका, पिशव्या, सुरतेची पोरं, त्यांची गॉगल लावलेली लेकरं. निंबा नव्हता. अक्का दारात उभी राहून शेवटच्या माणसापर्यंत पाहत राहिली. मग फोन वाजला. तिला कानाला लावायला जमत नाही, म्हणून तिनं तो मोठ्यानं केला, अन् सगळ्या ओसरीनं ऐकलं.

"माय, मी येस नही."

"काब्र रे भाऊ? गहू मोजाना बाकी शेत. सुट्टी नही का?"

"सुट्टी शे. पन मी येस नही. गावमा तोंड दखाडाले मले जागा नही ठेयी कोनी. मी आठेच ऱ्हासू. तिले जानं व्हई तं जाऊ दे."

"अरे पन निंबा... आयक तं..."

फोन बंद. अक्कानं दोनदा लावून पाहिला, नुसती टुकटुक. ती गव्हापाशी येऊन बसली. हात राशीत घातला, मूठ भरली, "मना निंबानी," म्हणत सुपात सोडली अन् वरची पाव मूठ टाकताना रडायला लागली.

बोलली ती सुनंदाबाईच. "आते हाई बी जाई, देखजो. आज रातले नही तं सकाय. अक्का, पोत काढी ले वं तिना गयामाईन."

माझ्या हातातलं सूप मी खाली आपटलं. इतके दिवस पोटात धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"कोन पयनं वं सुनंदा? सांग तरी, कोन पयनं? अक्काना निंबा पयना! मना नवल पयना, तीन साल व्हई गयात! ज्या पयी गयात तेस्ना नावनी मूठ धरतस आपन, अन् जी आठे उघडा पायवरी उभी शे, ती बाहेरनी! चोर सोडीसन संन्याशाले फाशी!"

"तोंड सांभाय पुष्पा," अक्का म्हणाली.

"आज नही सांभायस. त्या दिन तोंड सांभायतू तं बरं व्हतं. ती गाडीवर चालनी नव्हती अक्का. तिना मुलुखनी बोली आयकाले उभी ऱ्हायनी व्हती, तितलंच. मी नही इचारं, नही पाह्यं, पयत उनी अन् तुमले सांगं. पापीण मी शे."

मला वाटलं, आता अक्का मला हाताला धरून बाहेर काढते. एवढ्यात उंबऱ्यावर बांगड्या वाजल्या. रूपा ओसरीत आली. पदर डोक्यावर, तळपायाला भेगा. बायांनी आपापले पाय मागे घेतले, जशी काही ती शिवणारच होती. ती सरळ गव्हाच्या राशीपाशी बसली, हात घातला, मूठ भरली अन् सुपावर धरली.

"मी शे," ती म्हणाली.

आमच्या बोलीत! मोरीवर चार महिने माझी बडबड ऐकून पोर शिकली होती, अन् मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

"मी कोठे जास नही. तठे माय नही, बाप नही, भाऊनी दार लाई लिधं. आठे तुम्हीन देखतस, देखा. पन मी शे. मनी मूठ धरा."

तिनं मूठ उघडली. गहू सुपात पडले, निंबाच्या गव्हात मिसळले. आता कोण वेगळे काढणार होतं? सुनंदाबाईनं तोंडाला पदर लावला. मी अक्काकडे पाहिलं. अक्का सुपाकडे पाहत होती. गल्लीत सुरतेची लेकरं ओरडत होती. मग अक्कानं नाक पुसलं.

"एक मूठ व्हयनी. सव्वा ऱ्हास," ती म्हणाली. "पाव बाकी शे."

रूपाला पाव मूठ म्हणजे किती ते कळेना. ती अक्काच्या तोंडाकडे पाहत राहिली. अक्कानं तिचं मनगट धरलं, राशीत घातलं, तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटली अन् पाव मूठ सुपात सोडवली. मग सूप उचललं. "जातं मांड. मना गुडघा दुखस, तू दुसरा खुंटा धर."

मी ओसरीतच उभी होते. अक्का जाता जाता थांबली. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता.

"पुष्पा, आते घर जाय. वट्टावर बठानं तुले काम नही ऱ्हायनं."

खरं होतं तिचं. मी घरी आले, दार लोटलं. ओच्यात बांधून आणलेली नवलच्या नावाची सव्वा मूठ सुपात घेतली. माझ्या जात्यालाही दोन खुंटे आहेत, पण एका बाईच्या हातानं ते ओढवत नाही. भिंतीपलीकडे अक्काचं जातं घरघरायला लागलं. आधी अडखळत, मग सरळ. अक्का काहीतरी सांगत होती अन् ती पोर "हाव, हाव" म्हणत होती. मी सूप मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत ऐकत बसले.